गाणे तेच, कव्हर नवे : एचएमव्हीची सव्वाशे वर्षे

मराठी घरातल्या फडताळात जुन्या तबकड्या असतील, तर त्यांतल्या बऱ्याच तबकड्यांवर कर्ण्यासमोर कान देऊन बसलेला कुत्रा सापडेल. नाट्यपद असो, भावगीत असो, अभंग असो की गणपतीच्या आरत्या, विकत घेतलेल्या गाण्यावर हा शिक्का ठरलेला असे. कंपनीचे कागदोपत्री नाव वेळोवेळी बदलले. आधी लंडनच्या ग्रामोफोन कंपनीची कलकत्ता शाखा, मग ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया आणि २००० सालापासून सारेगामा इंडिया. लोकांच्या तोंडी मात्र ‘एचएमव्ही’, म्हणजे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’, हेच नाव राहिले.

या कंपनीची वाटचाल सांगताना बहुधा गायक-गायिकांच्या नावांची माळ ओवली जाते. इथे ती तबकडीच्या आकारावरून आणि कव्हरावरून सांगायची आहे. गाणे किती मिनिटांचे असावे, लेबलावर कोणाचे नाव यावे, गिऱ्हाइकाने एक गाणे घ्यावे की बारा, यातले पुष्कळसे निर्णय त्या आकारानेच घेतले. कंपनीचा धंदा तरला तोही याच जोरावर. एकदा मुद्रित केलेला आवाज तिने दर पिढीला नव्या आकारात, नव्या वेष्टनात पुन्हा विकला.

हॅनोव्हरहून येणारे गाणे

जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला एमिल बर्लिनर याने १८८७ मध्ये ग्रामोफोनचे पेटंट घेतले. एडिसनच्या फोनोग्राफवर गाणे नळकांड्यावर मुद्रित होई. बर्लिनरने ते सपाट तबकडीवर आणले. नळकांड्यांच्या नकला काढणे जिकिरीचे होते. सपाट तबकडीचा धातूचा साचा एकदा केला की त्याखाली पाहिजे तितक्या प्रती छापता येत. ध्वनिमुद्रणाचा व्यापार खऱ्या अर्थाने सुरू झाला तो या साच्यामुळे. १८९८ मध्ये लंडनला ग्रामोफोन कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी तबकड्या छापण्याचा कारखाना हॅनोव्हरला निघाला. पुढच्या वर्षी फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराचे निप्पर कुत्र्याचे चित्र कंपनीने विकत घेतले. मूळ चित्रात कुत्र्यापुढे फोनोग्राफ होता. त्यावर रंग चढवून ग्रामोफोन काढला गेला आणि मगच चित्र कंपनीच्या ताब्यात आले.

१९०१ मध्ये कंपनीने कलकत्त्यात शाखा उघडली. १९०२ च्या अखेरीस फ्रेड गाइसबर्ग हा ध्वनिमुद्रक यंत्रसामग्री घेऊन तिथे उतरला. हॉटेलच्या खोलीत कर्णा लावून त्याने काही आठवड्यांत पाचशेहून अधिक मुद्रणे केली. गौहरजान यांचे पहिले मुद्रण ११ नोव्हेंबर १९०२ चे. गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव उच्चारतात. अनेकांना तो गमतीचा नखरा वाटतो, पण त्यामागे व्यवहार होता. मेणावर घेतलेली मुद्रणे जहाजाने हॅनोव्हरला जात. तिथल्या जर्मन कामगारांना ना भाषा कळे ना गायिका ठाऊक. कोणत्या तबकडीवर कोणाचे लेबल चिकटवायचे, हे त्यांना त्या शेवटच्या उच्चारावरून समजे. पुढे कंपनीच्या इतर कलावंतांनीही हीच रीत पाळली. वेष्टनाची गरज थेट गाण्याच्या आत शिरल्याचे हे आपल्याकडचे पहिले उदाहरण.

आपल्याकडे या घटनेला हळहळीची एक बाजूही आहे. किर्लोस्कर नाटक मंडळीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले. गाइसबर्ग आला तो पुढच्या वर्षी. ज्या आवाजाने संगीत रंगभूमी उभी केली तो कुठल्याच तबकडीवर नाही. काहींनी तर जाणूनबुजून कर्ण्यापुढे बसण्याचे नाकारले. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, पण त्यांची ध्वनिमुद्रिका नाही.

सुरुवातीच्या तबकड्या ७, १० आणि १२ इंचांच्या होत्या आणि गाणे एकाच बाजूला असे. लेबलावर कुत्राही नव्हता. पिसाच्या लेखणीने तबकडीवर लिहिणारा छोटा देवदूत होता. दहा इंचीला ‘कॉन्सर्ट’ आणि बारा इंचीला ‘मोनार्क’ अशी नावे होती. गिऱ्हाईक आधी आकार आणि मग गाणे मागे.

कलकत्त्याची लाख, कलकत्त्याचा कारखाना

या तबकड्यांचा मुख्य घटक होता लाख. पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवर किडे तयार करतात ती लाख मुख्यतः छोटा नागपूरच्या जंगलातून येई. शुद्ध केलेली लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचे मिश्रण तापवून साच्यात दाबले की तबकडी तयार होई. म्हणजे कच्चा माल इथला, गाणे इथले, विकत घेणारा इथला आणि छपाई तेवढी जर्मनीत. स्वदेशीच्या चळवळीचे दिवस होते. कंपनीला देशप्रेमाशी कर्तव्य नव्हते, पण जहाजभाडे, विलंब आणि वाटेत फुटणारा माल यांचा हिशेब तिला कळत होता. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना सुरू झाला. तबकड्या छापणारा तो देशातला पहिला कारखाना. त्याच सुमारास दोन्ही बाजूंना गाणी असलेली तबकडी भारतात रुळली. १९२८ मध्ये कंपनीने दमदमला मोठा कारखाना उभारला आणि पुढची सहा दशके भारतातल्या तबकड्यांचे माहेरघर दमदम हेच राहिले.

मधल्या काळात १९२५ मध्ये विजेवर चालणारा मायक्रोफोन आला आणि कर्ण्यात तोंड घालून ओरडण्याची गरज संपली. भावगीतासारखा हळुवार प्रकार तबकडीवर फुलला तो त्यानंतर. १९३१ मध्ये ग्रामोफोन कंपनी आणि तिची प्रतिस्पर्धी कोलंबिया यांचे विलीनीकरण होऊन ईएमआय तयार झाली. दुकानात मात्र एचएमव्ही, कोलंबिया, ओडियन ही लेबले वेगवेगळीच दिसत राहिली. एकाच मालकाच्या चार पाट्या लावून गिऱ्हाइकाला निवडीचे समाधान द्यायचे, ही व्यापारातली जुनी युक्ती. खरी स्पर्धा होती ती मुंबईची यंग इंडिया, कलकत्त्याची हिंदुस्थान आणि मेगाफोन अशा देशी कंपन्यांची.

कव्हर दुकानाचे, गाणे लेबलाचे

चाळीसच्या दशकातली एखादी दहा इंची मराठी तबकडी हातात घेऊन पाहावी. ताटलीएवढी, पण वजनाने पाव किलोच्या आसपास, काळीभोर आणि काचेसारखी ठिसूळ. ती असते खाकी किंवा फिकट रंगाच्या कागदी पाकिटात. पाकिटाच्या मधोमध गोल भोक. त्या भोकातून दिसते तेवढेच लेबल म्हणजे गाण्याची सगळी ओळख : गायकाचे नाव, पदाची पहिली ओळ, भाषा, कधी राग, कधी नाटकाचे किंवा चित्रपटाचे नाव आणि ‘एन’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत आणखी एक आकडा उमटलेला असतो. तो साच्याचा क्रमांक, कारखान्यासाठी. पाकिटावर गायकाचा पत्ताच नसतो. तिथे असते कंपनीची जाहिरात किंवा दुकानदाराचे नाव. एक पिन एकदाच वापरावी अशी ताकीदही पुष्कळदा असे. या पिनांच्या पत्र्याच्या डब्या हा कंपनीचा वेगळाच किफायतशीर माल होता.

याचा अर्थ असा की त्या काळी कव्हर गाण्याचे नव्हतेच. ते कोणत्याही तबकडीला चालत असे. म्हणूनच लेबलाच्या तीन इंचांच्या वर्तुळाला फार महत्त्व आले आणि तिथे कोणाचे नाव छापायचे यावर रणे माजली. बंगालमध्ये कुलीन घरातल्या स्त्रीने गायले तर नावापुढे ‘अमॅच्युअर’, म्हणजे हौशी, असे छापत. पेशेवर गायिकांच्या पंगतीत तिला बसवले जाऊ नये हा हेतू. चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर तर पात्राचेच नाव देत. १९४९ च्या ‘महल’मधल्या लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गाण्याच्या मूळ तबकडीवर गायिका म्हणून छापले होते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या नायिकेचे नाव. पार्श्वगायकांना लेबलावर स्वतःचे नाव मिळू लागले ते त्यानंतर. आज ज्याला आपण श्रेय म्हणतो ते प्रथम या तीन इंची वर्तुळात मिळवावे लागले.

दुसरी अडचण वेळेची. दहा इंची तबकडीवर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे, बारा इंचीवर फार तर साडेचार. रंगभूमीवर ‘वन्समोअर’ घेत लांबणारे बालगंधर्वांचे पद इथे तीन मिनिटांत बसवावे लागे. अब्दुल करीम खाँसाहेबांची ओडियनची मुद्रणे ऐकली की तीन मिनिटांत रागाची पूर्ण आकृती कशी उभी राहते ते कळते. ही मर्यादा काहींना फाशी वाटली, काहींनी तिचे सोने केले. भावगीताला तर ती मानवली. तीन कडवी, ध्रुवपद, मध्ये थोडे वाद्यसंगीत, की तबकडीची बाजू संपली. मराठी भावगीताचा बांधा घडवण्यात कवी आणि संगीतकारांइतकाच दहा इंची तबकडीचा हात आहे.

याच काळात मुंबईच्या शाखेत एक मराठी माणूस आला. ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेच्या तबकडीने गायक म्हणून नाव झालेले, वकिलीचे शिक्षण घेतलेले गोविंद नारायण जोशी, म्हणजेच जी. एन. जोशी, १९३८ मध्ये एचएमव्हीत दाखल झाले आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी ध्वनिमुद्रणाची सूत्रे सांभाळली. कोणाला गायला बोलवायचे, कोणता राग घ्यायचा, नाराज खाँसाहेबांची समजूत कशी काढायची, हे सारे त्यांच्याकडे होते. ‘स्वरगंगेच्या तीरी’ या आत्मकथनात त्यांनी त्या दिवसांच्या आठवणी सांगितल्या आहेत.

वीस मिनिटांची मोकळीक

जून १९४८ मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी बारीक खाचांची तबकडी बाजारात आणली. लाखेऐवजी विनाइल, त्यामुळे ती पडली तरी फुटत नसे. एका बाजूला वीस-बावीस मिनिटे. हीच लाँग प्ले, आपली एलपी. आरसीए या प्रतिस्पर्धी कंपनीने पुढच्याच वर्षी तिच्याविरुद्ध सात इंची, ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी उतरवली. काही वर्षे दोघांची जुंपली. शेवटी बाजारानेच वाटणी केली : लांबलचक संगीत एलपीवर, सुटे गाणे छोट्या तबकडीवर.

त्याआधी पाश्चात्त्य सिंफनीसारखी मोठी रचना विकायची तर चार-पाच लाखेच्या तबकड्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत पाकिटे शिवून एकत्र बांधत. घरातल्या फोटोंच्या वहीसारखी ही जड वही, आणि तिलाच अल्बम म्हणत. एलपीने ती वही एका तबकडीत आणली. नाव तेच राहिले आणि एकत्र ऐकायच्या गाण्यांचा संच ही कल्पना रूढ झाली.

हिंदुस्थानी संगीताला एलपी मिळाली ती परदेशात. १९५५ मध्ये ईएमआयच्या अमेरिकेतल्या एंजल लेबलने उस्ताद अली अकबर खाँ यांचे सरोद एलपीवर आणले. त्यात व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांनी श्रोत्यांना ओळख करून दिली आहे. दमदमला एलपी छापल्या जाऊ लागल्या त्या पन्नाशीचे दशक सरताना. १९६० च्या सुमारास उस्ताद अमीर खाँ यांची एलपी निघाली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. अतिविलंबित लयीत सावकाश उलगडणारी त्यांची गायकी तीन मिनिटांच्या तबकडीत मावणे शक्यच नव्हते. असे गायक सर्वदूर पोहोचले ते एलपीमुळे.

आकार वाढला तसे कव्हरही गाण्याचे झाले. बारा इंची चौकोनी पुठ्ठा, पुढे कलावंताचे चित्र, मागे रागाची माहिती, घराणे, साथीदारांची नावे. शास्त्रीय संगीताच्या मोनो एलपींना ‘ईएएलपी’ आणि स्टीरिओ एलपींना ‘ईएएसडी’ अशी अक्षरे लागत. संग्राहक आजही क्रमांकावरूनच एलपी ओळखतात. शास्त्रीय संगीताच्या कव्हरांवरचा मजकूर बहुतेक इंग्रजीत असे, पण ज्यांना मैफली ऐकायला मिळत नसत अशा गावोगावच्या रसिकांनी रागांची पहिली ओळख या पुठ्ठ्यांच्या पाठीवर करून घेतली. नवे गाणारे एलपी ऐकून तालीम करू लागले.

या काळातली सर्वांत विचारपूर्वक बांधलेली एलपी म्हणजे १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’. क्रमांक ईसीएसडी २३८२. शिवकुमार शर्मा संतूरवर, हरिप्रसाद चौरसिया बासरीवर, ब्रिजभूषण काबरा गिटारवर आणि तबल्याला माणिकराव पोपटकर. निर्मिती जी. एन. जोशींची. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांच्या समयचक्रानुसार : अहिर भैरव आणि नट भैरव, मग पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. इथे तबकडीची बाजू उलटण्याचा क्षणसुद्धा रचनेचा भाग आहे. बाजू बदलली की दिवस कलतो. त्या वेळी तिघेही मुख्य वादक तरुण होते. या एलपीने त्यांना जगभर नेले. पुढे हीच एलपी सीडीवर आली तेव्हा मोकळ्या राहिलेल्या मिनिटांत मूळ योजनेत नसलेल्या रचना घातल्या गेल्या. गिऱ्हाइकाला चार चीजा जास्त मिळाल्या, पण रात्र झाल्यावर संपणारा दिवस मात्र संपेना.

मराठीत या मोठ्या कव्हराचा उत्तम उपयोग झाला तो संकल्पनेवर आधारलेल्या संचांसाठी. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९७४ मध्ये, हृदयनाथ आणि लता मंगेशकरांची ‘शिवकल्याण राजा’ निघाली. गाण्यांमधले निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचे. समर्थांपासून सावरकरांपर्यंतच्या रचना एका सूत्रात ओवायच्या तर सुटी तबकडी कामाची नव्हती. ‘गीत रामायणा’चेही तसेच. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झालेली ही ५६ गीते. लाखेच्या तबकड्यांवर काढायची म्हटली तर प्रत्येक गीत कापून तीन मिनिटांचे केले तरी २८ तबकड्या, म्हणजे सहा-सात किलोंचे बोचके झाले असते. सुधीर फडक्यांच्या आवाजात ती एलपींच्या संचाच्या रूपाने घरात आली, नंतर कॅसेटच्या आणि मग सीडीच्या संचाने. रामनवमीला तोच आवाज तीन पिढ्यांनी तीन वेगवेगळ्या खोक्यांतून काढला.

कव्हराची गोष्ट निघालीच आहे तर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांचा उल्लेख हवाच. १९७७ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ने व्हॉयेजर यानांवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तबकडी पाठवली. तीत केसरबाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची आहे आणि तिला ॲल्युमिनियमचे कव्हर आहे. ती कशी वाजवायची याच्या आकृत्या त्यावर कोरल्या असून सोबत पिनही दिली आहे. एक पिन एकदाच वापरा, ही सूचना तेवढी नाही.

सुटे गाणे, चार गाणी, आठ मिनिटे

एलपी ही पैसेवाल्यांची आणि रसिकांची चीज होती. सर्वसामान्य घरात शिरली ती सात इंची ईपी. दोन्ही बाजू मिळून चार गाणी. सुधीर फडके, माणिक वर्मा, मालती पांडे, लता मंगेशकर यांची भावगीते या आकारात खूप खपली. सत्तरच्या दशकात ‘सुपर सेव्हन’ नावाचा प्रकार आला. तबकडी सात इंचीच, पण ३३⅓ फेऱ्यांवर फिरणारी, त्यामुळे प्रत्येक बाजूला सात-आठ मिनिटे मिळत. चित्रपटाची चार-सहा गाणी कमी पैशांत देण्याचा तो मार्ग होता. गणपतीच्या मांडवात, सत्यनारायणाला, लग्नात भाड्याचा लाउडस्पीकर आणणाऱ्याच्या पेटीत याच छोट्या तबकड्या असत आणि झीज झालेल्या खाचेत पिन अडकून एकच ओळ गावभर दहादा ऐकू जाई.

भारतात नवा आकार आला म्हणून जुना लगेच गेला नाही. खेड्यापाड्यांत वीज नव्हती आणि चावीचा ग्रामोफोन होता, तोवर लाखेच्या तबकड्या खपत राहिल्या. त्यामुळे एक जागतिक गंमत घडली. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बीटल्सची गाणी भारतात ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवर निघत होती. इंग्लंडमध्ये तो आकार तोवर कालबाह्य झाला होता. दमदमला छापलेल्या त्या तबकड्यांसाठी परदेशी संग्राहक आज भरपूर पैसे मोजतात.

पॉलिडोर या प्रतिस्पर्धी कंपनीने सत्तरच्या दशकात एचएमव्हीला पहिला मोठा धक्का दिला. १९७५ च्या ‘शोले’ची गाणी तिच्याकडे होती. तिने संवादांचीही तबकडी काढली आणि ती तडाखेबंद खपली. तबकडीवर गाणेच विकले जाते, हा समजच मोडला.

कॅसेटचा तडाखा आणि चकचकीत डबी

एचएमव्हीचा खरा घात तबकडीने केला नाही, कॅसेटने केला. फिलिप्सने १९६३ मध्ये काढलेली कॅसेट ऐंशीच्या दशकात भारतभर पसरली. तबकडी छापायला अवजड कारखाना लागे. कॅसेट भरायला खोली पुरे. टी-सिरीजसारख्या नव्या कंपन्यांनी किंमत पाडली, पानपट्टीपासून किराणा दुकानापर्यंत माल ठेवला, जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या आवृत्त्या काढल्या. पुण्यात अलूरकर म्युझिक हाउससारखे दुकान स्वतःच प्रकाशक बनले आणि शास्त्रीय मैफली, पु. ल. देशपांड्यांची कथाकथने त्याने कॅसेटवर आणली. भांडवलाची अट गेल्याने मराठीला फायदाच झाला. एचएमव्हीला मात्र दशकांची मक्तेदारी गमवावी लागली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ईएमआयने कंपनी गोएंकांच्या आरपीजी समूहाला विकली.

तबकडी परतली ती लेसरवर. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून काढलेली १२ सेंटिमीटरची कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये बाजारात आली. ७४ मिनिटे, बाजू एकच, आतून बाहेर वाचली जाणारी. अमेरिकेतल्या दुकानांत रॅक एलपीच्या मापाचे होते, म्हणून तिथे या छोट्या डबीला बारा इंच लांबीचे पुठ्ठ्याचे खोके घालून विकत. घरी नेले की खोके कचऱ्यात. पर्यावरणवाद्यांनी आणि काही कलावंतांनीही ओरड केल्यावर १९९३ मध्ये ती पद्धत बंद झाली. दुकानाचे फर्निचर मालाचे वेष्टन ठरवते, हे यावरून कळावे.

भारतात सीडी सुरुवातीला परदेशात छापून येत आणि महाग असत. एचएमव्हीने ७४ मिनिटे भरण्यासाठी एका सीडीवर दोन चित्रपटांची किंवा दोन एलपींची गाणी घातली. हिशेब फायद्याचा होता, पण एलपीची पहिली-दुसरी बाजू, मधली उसंत, शेवटी काय ऐकवायचे याचा विचार, सगळे एका ओळीत सपाट झाले. बारा इंची पुठ्ठ्यावरचा मजकूर पाच इंची चिठोऱ्यावर आला. साथीदारांची नावे गळू लागली. मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष तर बहुतेक ठिकाणी दिसेनासे झाले.

त्यापुढची पायरी एमपीथ्री सीडीची. एकाच तबकडीवर शंभराच्या पुढे गाणी. ‘सदाबहार’, ‘अविस्मरणीय’ अशी मथळ्यांची छपाई आणि मागे गाण्यांची यादी. तबलजी कोण, गीतकार कोण, हे गाणे नाटकातले की आकाशवाणीचे, याला जागाच नाही. कंपनीने एके काळी पैशांत तोललेला माल इथे किलोवर विकला.

दुकाने मिटली, पेटी निघाली

१९४८ पासून मुंबईत काळा घोडा इथे असलेले ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झाले. एके काळी तिथे तबकडी घेण्याआधी ऐकून पाहण्यासाठी छोट्या खोल्या होत्या. मुंबईतले कित्येक रसिक त्या खोल्यांत घडले. गावोगावची रेकॉर्डची दुकाने आधी कॅसेटची, मग मोबाइल रिचार्जची झाली.

सारेगामाने २०१७ मध्ये ‘कारवाँ’ नावाची पेटी काढली. जुन्या रेडिओसारखा चेहरा आणि आत आधीच भरलेली ५००० गाणी. तबकडी नाही, कॅसेट नाही, इंटरनेटही लागत नाही. ज्यांना मोबाइलवर गाणे शोधता येत नाही अशा वडीलधाऱ्यांना मुलांनी भेट द्यायची वस्तू म्हणून ती विकली गेली आणि अडचणीत आलेल्या कंपनीला तिने हात दिला. मराठी गाण्यांचीही पेटी आली. पाहू गेले तर कंपनीने तिचा सर्वांत जुना धंदा पुन्हा केला. गाणी तीच, पेटी नवी.

आणि आता एलपी परतली आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये एलपींची विक्री सीडींहून अधिक झाली. १९८७ नंतर प्रथमच. सुमारे ४ कोटी १० लाख एलपी आणि ३ कोटी ३० लाख सीडी. सारेगामानेही जुन्या एलपी नव्याने छापून विकायला सुरुवात केली आहे. घेणाऱ्यांत तरुण पुष्कळ आहेत. ऐकायला त्यांच्याकडे मोबाइल आहेच. त्यांना हवे आहे ते हातात धरता येणारे, भिंतीवर लावता येणारे कव्हर. सुरुवातीला ज्याचे भोक पाडलेले खाकी पाकीट होते, त्या वेष्टनासाठीच आता पैसे मोजले जात आहेत.

हिशेब

सव्वाशे वर्षांचा ताळेबंद मांडला तर कंपनीच्या जमेच्या बाजूला मोठी रक्कम आहे. तिच्या व्यापारी बुद्धीमुळे अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, अमीर खाँ यांचे आवाज उरले. ज्यांनी मुद्रण नाकारले त्यांच्या केवळ आख्यायिका राहिल्या. खर्चाच्या बाजूला मात्र माहिती आहे. प्रत्येक नव्या आकाराबरोबर गाणे स्वस्त झाले आणि त्याबरोबरची माहिती आटत गेली. लाखेच्या तबकडीवर लेबल लहान होते, पण क्रमांक होता. एलपीच्या पाठीवर साथीदार होते. एमपीथ्रीवर फक्त शीर्षक राहिले. मोबाइलवर तर मूळ गायक कोण आणि नंतर गाणारा कोण, हेही पुष्कळदा चुकीचे दिसते.

सारेगामाकडे ध्वनिमुद्रणांच्या नोंदी आहेत. कोणते गाणे केव्हा मुद्रित झाले, तबल्यावर कोण होते, साचा क्रमांक काय, यांची पूर्ण सूची तिने लोकांसाठी खुली करावी. जुन्या एलपीचे कव्हर हुबेहूब छापण्याइतकेच ते मोलाचे काम आहे. आणि वाचकांनीही एक करावे. घरातल्या तबकड्या भंगारवाल्याला देण्याआधी प्रत्येकीच्या लेबलाचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे, लेबलाबाहेरच्या पट्टीतला क्रमांकही टिपून ठेवावा. मुंबईत १९९० पासून काम करणारी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था अशाच नोंदी जमवणाऱ्यांनी उभी केली आहे. तुमच्या माळ्यावरची तबकडी एखाद्या गायकाच्या यादीतला गहाळ दुवा असू शकते. तबकडी ठेवायला जागा नसेल तर ती जाणकार संग्राहकाकडे द्या, पण लेबल वाचल्याशिवाय देऊ नका.